सांभाळून चालवलेली

आमचे मास्तर जुनी गाडी बघायला गेले की बॉनेट उघडत नाहीत. टायरला लाथ मारत नाहीत, खाली वाकून ऑइल गळतंय का तेही बघत नाहीत. मालकाला म्हणतात, "तुम्ही चालवा, मी शेजारी बसतो." आणि बसतात. पट्टा लावतात, दोन्ही हात मांडीवर ठेवतात आणि परक्या माणसाच्या गाडीत बसून त्याचीच परीक्षा घेतात.

मास्तर म्हणजे माझा नवरा. ड्रायव्हिंग स्कूल चालवतात. आमच्या भागातल्या अर्ध्या लोकांनी त्यांच्या शेजारी बसून घाम गाळलेला आहे. पाठीमागे सगळे त्यांना ब्रेकमास्तर म्हणतात, कारण शिकाऊ माणसाला ब्रेक लावायला हवा हे कळायच्या आत यांनी आपल्या बाजूचा ब्रेक दाबलेला असतो. जुन्या गाडीबद्दल त्यांचं एक ठाम मत होतं: गाडीचं आयुष्य मालकाच्या पायात असतं. इंजिन पुसूनपुसून ठेवता येतं, आवाज दाबता येतो, पण पाय खोटं बोलत नाहीत. ऐकायला छान वाटतं. मलाही वाटायचं. आता कुणी हे वाक्य माझ्यासमोर म्हटलं तर मी उठून आत जाते.

गाडी मला हवी होती, हे आधीच सांगून ठेवते. आमच्या घरात या गोष्टीचा फार लवकर विसर पडला.

मी दात बनवते. डेंटल लॅबमध्ये कामाला आहे. दातांचे डॉक्टर माप पाठवतात, आम्ही कॅप, ब्रिज, कवळ्या करून परत पाठवतो. पुढच्या दातांचा रंग जुळवणं हे माझं खास काम. शेजारच्या खऱ्या दाताला पत्ता लागता कामा नये की बाजूला नवीन पाहुणा आलाय. लॅबच्या मालकीण बाईंनी यंदा लॅब उचलून घाटापलीकडच्या गावात नेली. तिथे जागा मोठी आहे, उजेडही चांगला. मला म्हणाल्या, "तुझं टेबल मी एक तारखेपर्यंत धरून ठेवते. सकाळी पहिला डिलिव्हरीवाला यायच्या आत हजर राहायचं. जमणार नसेल तर आत्ताच सांग, तिथली एक मुलगी मागे लागलीये." बाईंचं बोलणं असंच, एक घाव दोन तुकडे. पण त्या शब्दाच्या पक्क्या आहेत, धरून ठेवते म्हणजे ठेवते आणि देऊन टाकते म्हणजे देऊन टाकते. पहिली बस पोचते तेव्हा तिथे चहा होऊन गेलेला असतो. या वयात, या चष्म्यावर, दुसरी लॅब मला दारात उभी करणार नाही. मला दुसरं काही येत नाही, आणि खरं सांगायचं तर यायला नकोच आहे. म्हणजे गाडी हवी, आणि रोज न कुरकुरता घाट चढणारी हवी.

आता गाडी कुठली, तर माझ्या डोक्यात हॉट हॅच. दिसायला साधी छोटी हॅचबॅक, बाजारात कुठेही लावावी अशी, पण पोटात टर्बोचं दांडगं इंजिन. घाटात ट्रकच्या मागे रांगत बसायचं नसेल तर पिकअप हवा, हे कारण मी घरात सांगितलं. दुसरं कारण असं, की मैत्रिणीची तसली गाडी मी एकदा चालवली होती आणि उतरल्यावर कितीतरी वेळ उगाचच हसत होते. मला ती तशी गाडी हवी होती. बस्स.

"एवढीशी गाडी आणि एवढं इंजिन कशाला?" मास्तर म्हणाले.

"तुम्हाला एवढंसं डोकं आणि एवढं तोंड कशाला?" मी म्हणाले. पण मनातल्या मनात.

नवी घेणं परवडणार नव्हतंच, म्हणून जुनी. आणि जुनी म्हटलं की मास्तरांची अट आली: "आपली ही शेवटची गाडी. निवृत्तीपर्यंत टिकली पाहिजे. बघायचं काम माझं." मी हो म्हणाले. का म्हणणार नाही? माणूस आयुष्यभर गाडीत बसलाय.

पहिल्या गाडीचा मालक वळणावर एका हाताने स्टिअरिंग फिरवायचा, तो नापास. दुसऱ्याचा डावा पाय सतत क्लचवर, नापास. तिसरा गाडी चालवताना बोलत होता. "बोलतात सगळेच," मी म्हणाले. "मान वळवून बोलत होता," मास्तर म्हणाले. एक जण तर फाटकातून बाहेर पडतानाच नापास झाला, आम्ही त्याच्या गाडीतून गल्लीच्या टोकाला उतरलो आणि चालत घरी आलो. इकडे तारीख जवळ येत होती आणि माझ्या नाकी नऊ आले होते. गाड्या चांगल्या होत्या की वाईट, मला आजतागायत माहीत नाही. कुणी बघितल्याच नाहीत.

मग लाल गाडी आली.

ती एका मुलीची होती. मोठमोठ्या कार्यक्रमांना साउंड लावायचं तिचं काम, म्हणून आम्ही घरात तिला साउंडवालीच म्हणू लागलो. तिने फोनवरच बजावलं होतं की गाडी मी तुमच्यासमोर थंड असतानाच चालू करणार, आल्याशिवाय हात लावणार नाही. मागची अर्धी सीट पाडून वायरींची भेंडोळी भरलेली. तिने स्वतःहून बॉनेट उघडलं. मास्तर तिकडे पाठ करून रस्त्याकडे बघत उभे राहिले.

"क्लच नवीन टाकलाय," ती मला सांगू लागली. "पुढचे टायर ही लवकर खाते. ऑइल थोडं पिते, त्यामुळे कंपनी सांगते त्याच्या निम्म्यातच मी बदलते. गरम होईपर्यंत पळवायची नाही. पळवून आणली की लगेच बंद करायची नाही, टर्बोला जरा दम खाऊ द्यायचा. एवढं केलं की ही कधी दगा देत नाही." आई पोराच्या खोड्या सांगते तशी ती न लपवता सांगत होती. मला ती आवडली, आणि चावी फिरवल्याबरोबर गाडी एका दमात चालू झाली तेव्हा गाडीही आवडली.

मग मास्तर तिच्या शेजारी बसले आणि माझं नशीब मागे बसलं.

ती छान चालवत होती. वेगात, पण नेमकं. मोकळा रस्ता लागला तसं तिने दुसऱ्या गिअरमध्येच गाडी अशी ओढली की माझं डोकं सीटला टेकलं. मास्तरांचा पाय जमिनीवर नसलेला ब्रेक शोधत होता.

"एवढी ओढायची असते का दुसऱ्यात?" त्यांनी विचारलं.

"हो काका, ही तशीच ओढायची असते," ती म्हणाली.

झालं. तिथेच निकाल लागला, मला यांच्या मानेवरून कळलं. तरी मी हट्टाने म्हणाले, मलाही चालवू दे. चालवली. काय सांगू? पायाखाली काहीतरी जागं होतं आणि ते माझं ऐकतं. चढावर पाय दाबला की ती विचारत नव्हती का, कशाला, इतक्यात कशाला. ती जात होती. शेजारून "सावकाश, सावकाश, आरसा बघ" चालू होतं, पण ते जरा लांबून ऐकू येत होतं.

घरी आल्यावर मी म्हणाले, "मला ही हवी."

"अगं, पिळून काढलीये तिने ती गाडी."

"तरी मला हीच हवी."

"तुला गाडी दिसली. मला ड्रायव्हर दिसला. वर्षभरात इंजिन हातात येईल, मग म्हणू नकोस."

त्या "मग म्हणू नकोस"ने माझा घात केला. मला माहीत होतं ना, लाल गाडी घेतली आणि उद्या तिचा साधा दिवा गेला तरी मला जन्मभर ऐकावं लागेल, तू म्हणालीस म्हणून घेतली. बाकी सगळं सोसेन, ते सोसवलं नसतं. मी भांडी जरा जोरात आपटली आणि गप्प बसले. साउंडवालीला नकार कळवायचा फोनही मलाच करावा लागला. "बरं," ती म्हणाली, "पण तुम्ही चांगली चालवता हां." हे वाक्य मला घरात कुणी ऐकवलेलं नव्हतं.

करड्या गाडीचे मालक निवृत्त ग्रंथपाल होते. मुलाने हौसेने घेतलेली गाडी, मुलगा परदेशी गेला आणि गाडी वडिलांच्या गळ्यात पडली. सदरा इस्त्रीचा, गाडीवर स्वच्छ कापडी आच्छादन. त्याची घडी दोघांनी मिळून घालायची असते, मास्तरांनी लगेच दुसरं टोक धरलं. गाडी बाजारापुरती आणि बहिणीच्या घरापर्यंत, त्यापलीकडे कुठे गेलेली नाही. सर्व्हिसिंग न चुकता कंपनीतच.

मी सहज बॉनेटवर हात ठेवला. गरम होतं.

"तुम्हाला ताटकळायला नको, म्हणून आधीच चालू करून ठेवली होती," ग्रंथपाल म्हणाले.

"बघ," मास्तर माझ्या कानात म्हणाले, "माणुसकी बघ." मला साउंडवाली आठवली, पण माणुसकीपुढे काय बोलणार?

मग सुरू झाली ती मिरवणूक. ग्रंथपालांनी आरसा पाहिला, दुसरा आरसा पाहिला, मान वळवून पाहिलं. रिकाम्या रस्त्यावर वळायचा दिवा दिला. सायकलवाला पुढे निघून गेला, आणि एवढ्या संथ चालीत यांचा चौथा गिअर पडलेला होता. आरपीएमचा, म्हणजे इंजिनच्या फेऱ्यांचा, काटा तळाला झोपलेला आणि इंजिन बिचारं घुमत, कण्हत गाडी ओढत होतं. चौकात थांबलो तेव्हा सीटखालून बारीक थरथर यायला लागली.

"अहो, ही थरथरतेय," मी मागून म्हणाले.

"रस्ता खराब आहे," मास्तर म्हणाले. आम्ही उभे होतो. उभ्या गाडीला रस्ता कसा काय खराब लागतो?

पण त्यांच्या चेहऱ्यावर मी असा आनंद आमच्या मुलीच्या निकालालाही पाहिला नव्हता. उतरल्यावर त्यांनी ग्रंथपालांचा हात दोन्ही हातांत धरला. "इतक्या वर्षांत," ते म्हणाले, "मी कुणाला पैकीच्या पैकी दिले नव्हते." ग्रंथपाल लाजले. दोघं एकमेकांकडे असे बघत होते की मला वाटलं, आता यांनाच एकमेकांच्या घरी पाठवावं आणि आपण लाल गाडी घेऊन निघून जावं. गाडी तिथल्या तिथे ठरली. मला विचारलं का? विचारलं ना. "घेऊ या ना?" असं विचारलं, हात धरलेलाच होता.

घरी आल्यावर दुसऱ्या सकाळी थंड गाडी चालू केली तर ती हुडहुडी भरल्यासारखी हलली. मास्तर म्हणाले, "नवीन घर आहे, होईल सवय." गाडी होती, सून नव्हती.

एक तारखेच्या आधी घाट एकदा चढून बघू, असं मीच म्हटलं. रविवारी निघालो, मी चालवायला, मास्तर शेजारी. सपाटीवर ठीक चालली. चढ लागला, पुढे सिमेंटचा ट्रक धूर सोडत चाललेला. समोरून रस्ता मोकळा दिसला, मी तिसरा टाकला, बाहेर काढली आणि पाय दाबला. गाडीने दोन धक्के दिले. समोर इंजिनचा पिवळा दिवा लागला आणि सगळा जोर गेला. पाय तळापर्यंत दाबलेला आणि गाडी ट्रकच्या बरोबरीने रांगतेय, आणि वळणावरून समोरून दुसरी गाडी येताना दिसली.

मी ब्रेक मारून परत ट्रकच्या मागे घुसले. समोरची गाडी हॉर्न वाजवत गेली. कडेला जागा मिळाली तिथे थांबवली.

मास्तर म्हणाले, "एकदम दाबलीस तू. एवढं दाबायचं नसतं."

इतक्या वर्षांच्या संसारात मी यांच्यावर खूप वेळा चिडले आहे, पण तेव्हा जे झालं त्याला चिडणं म्हणत नाहीत. अंगाचा नुसता भडका उडाला. आत्ता आपण दोघं मेलो असतो, आणि हा माणूस माझे मार्क कापतोय. मी दार उघडून बाहेर आले आणि दरीकडे तोंड करून उभी राहिले. कारण आत थांबले असते तर काय बोलले असते ते मलाच माहीत नव्हतं.

गाडी खेचून गॅरेजमध्ये आणली. गॅरेजवाला मास्तरांचाच जुना विद्यार्थी. तिसऱ्या परीक्षेला पास झाला होता, आणि हे तो प्रत्येक गिऱ्हाइकाला मास्तरांच्या देखत सांगतो. बढाईखोर आहे, हातात पाना असला की भाषण देतो. त्याने वरचा भाग खोलला आणि आम्हाला बोलावलं. हवा आत जाते तिथले व्हॉल्व्ह त्याने बॅटरी मारून दाखवले. त्यांच्यावर काळा, जाड, जळक्या पातेल्याच्या बुडासारखा थर. मग ऑइलची काडी माझ्या नाकाशी धरली. पेट्रोलचा वास.

"मास्तर, कोण चालवत होतं हो ही?"

"अतिशय उत्तम ड्रायव्हर," मास्तर म्हणाले.

"तेच म्हटलं मी. फारच सांभाळली कुणीतरी." तो हसला. "ही असली इंजिनं बाजारापुरती फिरवायची नसतात. गरमच होत नाहीत, मग न जळलेलं पेट्रोल ऑइलमध्ये उतरतं. त्यात काटा वर जाऊच द्यायचा नाही, वरच्या गिअरमध्ये रडवत न्यायची. मग हे असं आत साचतं. मोकळं कधी पळूच दिलं नाही हिला."

"कमी आरपीएमला वरचा गिअर," मास्तर म्हणाले, "हे मी सगळ्यांना शिकवलंय. तुलाही."

"तुमच्या शाळेच्या गाडीला बरोबर आहे ना ते. हिला नाही." तो माझ्याकडे वळला. "वहिनी, घेताना थंड चालू करून बघितली होती का?"

मी मास्तरांकडे बघितलं. ते बॅटरीच्या उजेडात तो काळा थर बघत होते. मला त्यांची दया यायला हवी होती. आली नाही. मला फक्त माझं टेबल दिसत होतं, आणि त्यावर वाकलेली ती दुसरी मुलगी.

गॅरेजवाला म्हणाला, अक्रोडाच्या टरफलांचा भुसा हवेच्या जोराने मारून व्हॉल्व्ह साफ करतात, ते यंत्र मागवावं लागेल. प्लग नवीन, ऑइल नवीन. एक तारखेच्या आदल्या दिवशी दुपारी गाडी देतो. "पण टिकेल की नाही, ते मी इथे उभी करून सांगू शकत नाही. घाटात न्या, चांगली गरम करा, तिसऱ्यात टाकून काटा वरपर्यंत जाऊ द्या. पुन्हा दिवा लागला तर आत अजून काहीतरी आहे, मग महिनाभर विसरा. नाही लागला तर रोज अशीच चालवा, पुष्कळ वर्षं जाईल."

मी बाईंना फोन करून जरा पुढची तारीख मागून बघितली. "नाही गं," बाई म्हणाल्या. "एकीसाठी थांबले तर कामं थांबतात." मला माहीतच होतं.

तेवढे दिवस घरात मास्तर माझ्याशी गोड बोलत होते. चहा करून देत होते. "मी सोडत जाईन तुला रोज," एकदा म्हणाले. "सकाळच्या शिकवण्या पुढे ढकलू." बिचारे मनापासून म्हणत होते. मी चहा तसाच ठेवून उठले.

आदल्या दिवशी दुपारी गाडी मिळाली. मास्तर आपणहून शेजारी येऊन बसले. मी काही म्हटलं नाही. सपाटीवर गाडी गरम केली. इंजिनचा आवाज वेगळा येत होता, घसा मोकळा झाल्यासारखा. घाटाचा पहिला चढ लागला, मी तिसऱ्यात टाकून पाय दाबला. काटा चढायला लागला, गाडी उचलली.

"टाक, वर टाक," मास्तर म्हणाले. "चौथा."

आणि मी टाकला. विचारसुद्धा केला नाही. माझा पाय क्लचवर गेला, हात गिअरवर गेला, चौथा पडला, काटा खाली झोपला आणि गाडी पुन्हा कण्हायला लागली. मी कुणाचं ऐकलं आणि का, हे मला गिअर पडल्यावर कळलं.

पेट्रोल पंप लागला तिथे गाडी आत घेतली.

"काय झालं? दिवा लागला?" मास्तर वाकून बघायला लागले.

"दिवा नाही लागला. तुम्ही उतरा."

"अगं, पण..."

"तुम्ही शेजारी असताना मला ही गाडी कळणार नाही. उतरा, अहो. माझी नोकरी आहे ती."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग पट्टा सोडला आणि उतरले. आरशात दिसले, पंपाच्या कडेला, हात कुठे ठेवावेत ते न समजून उभे. रागावलेले नव्हते, घाबरलेले होते. मी तरी निघाले.

घाटात तिसऱ्यात काटा वरपर्यंत जाऊ दिला. एकदा, मग पुन्हा. ट्रक मागे टाकला, तेव्हा मोठ्याने काहीतरी बोलले, काय ते आठवत नाही. दिवा लागला नाही. उतारावरून पलीकडच्या गावात शिरले, लॅब शोधली, उघडीच होती. बाई खोके फोडत बसल्या होत्या. "आलीस?" म्हणाल्या. "ते खिडकीजवळचं तुझं." मी टेबलावर नुसता हात फिरवला आणि परत फिरले. बंद करण्याआधी टर्बोला दम खाऊ दिला होता, आणि चालू करताना गाडी एका दमात चालू झाली.

पंपावर मास्तर हवा भरणाऱ्याच्या बाकावर बसले होते. गाडीत बसले. पट्टा लावला. बराच रस्ता गेल्यावर म्हणाले, "लाल घ्यायला हवी होती का आपण?"

"हो."

"मग तू तेव्हा बोलली का नाहीस?"

मी गाडी हळू केली, कारण मला ते नीट ऐकू जायला हवं होतं. "बोलले होते. दोनदा. मला ही हवी, असं म्हणाले होते."

ते आठवायला लागले. खरंच आठवायला लागले, कपाळाला आठ्या घालून, आणि त्यांना आठवेना. खोटं बोलत असते तर बरं वाटलं असतं. त्यांना खरंच ऐकूच आलं नव्हतं.

"म्हणाली असशील," शेवटी म्हणाले.

एक तारखेला पहाटे मी डबा घेतला, चावी घेतली. मास्तर दारात येऊन उभे राहिले. तोंड उघडलं, मिटलं. आरसे बघ नाही, सावकाश जा नाही, काही नाही. मी गाडी चालू केली, गरम होऊ दिली, पहिला गिअर टाकला आणि क्लच दाबून बसून राहिले. मागे मोकळं, पुढे मोकळं. निघायला हवं होतं. डिलिव्हरीवाला काही माझ्यासाठी थांबणार नव्हता. तरी मी थांबले होते, आणि आपण कशासाठी थांबलोय ते मला कळेना.

मग कळलं. यांच्याकडे शिकणारा कुणीही, हे "सोडा" म्हणाल्याशिवाय क्लच सोडत नाही. मी यांच्याकडे शिकलेसुद्धा नव्हते. पहिल्याच आठवड्यात भांडून दुसऱ्या स्कूलमध्ये नाव घातलं होतं, आणि ही गोष्ट मी सगळ्या जगाला कौतुकाने सांगत आले होते. आणि इतक्या वर्षांनी, स्वतःच्या गाडीत, स्वतःच्या नोकरीला जाताना, क्लचवर पाय ठेवून मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते.

मास्तरांना वाटलं गाडी अडली. ते पायरी उतरून पुढे यायला लागले. मला स्वतःचीच इतकी चीड आली की डोळ्यांत पाणी आलं. ते गाडीपर्यंत पोचायच्या आत मी क्लच सोडला.